सोंगे जपानची, विस्मृती आपली

अंतरवाली सराटी हे नाव २०२३ च्या सप्टेंबरपासून उभ्या महाराष्ट्राला ठाऊक झाले. जालना जिल्ह्याच्या अंबड तालुक्यातील या गावात २९ ऑगस्ट २०२३ रोजी मनोज जरांगे यांचे उपोषण सुरू झाले, १ सप्टेंबरला पोलिसांचा लाठीमार झाला आणि दुसऱ्या दिवसापासून वृत्तवाहिन्यांच्या गाड्या वडीगोद्रीच्या फाट्यावरून गावाकडे वळू लागल्या. त्या आंदोलनाचे वा आरक्षणाच्या प्रश्नाचे विवेचन हा प्रस्तुत लेखाचा विषय नव्हे. विषय आहे तो त्या गाड्यांनी परत नेलेल्या चित्राचा. मराठवाड्यातील तरुण म्हणजे उंचावलेली मूठ, घोषणा आणि गर्दी, एवढेच ते चित्र. हा तरुण रात्री घरी परतल्यावर, भ्रमणध्वनीच्या पडद्यावर, नेमके काय पाहतो हे त्याला कोणी विचारले नाही. वाहिन्यांनी विचारले नाही ते एकवेळ समजण्याजोगे आहे. समाजाचे संस्कार आपल्या खांद्यावर आहेत असे मानणाऱ्यांनीही ते विचारले नाही.

उत्तर शोधण्यासाठी फार लांब जावे लागत नाही. गोदाकाठच्या कोणत्याही गावात दहावी-बारावीच्या मुलांशी घटकाभर बोलावे. नारुतो, गोकू, लुफी, तांजिरो ही नावे त्यांच्या तोंडी सहज येतात. ही जपानी चित्रपात्रे आहेत. 'अ‍ॅनिमे' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जपानी चलच्चित्रांच्या उद्योगाची एकूण उलाढाल २०२३ मध्ये तीन लक्ष कोटी येनच्या पुढे गेली आणि त्यातील निम्म्याहून अधिक पैसा जपानबाहेरून आला. त्या 'बाहेर'मध्ये आता अंबड आहे, घनसावंगी आहे, गेवराईही आहे.

अशा गावातील एखादा मुलगा आपल्या मित्राला सोबत घेऊन मुंबईच्या कॉमिक कॉनला निघाला, तर गावात काय बोलले जाईल याची कल्पना करणे कठीण नाही. भारतात हे मेळावे २०११ मध्ये दिल्लीत सुरू झाले, मग मुंबईत भरू लागले आणि पुढे देशातील इतर शहरांत पसरले. आरंभी चित्रकथांच्या पुस्तकांचे प्रदर्शन असे त्यांचे स्वरूप होते. आज तेथे सर्वाधिक गर्दी दिसते ती अ‍ॅनिमेच्या चाहत्यांची. मुले आपल्या आवडत्या पात्राचा वेश धारण करून येतात. कोणी पुठ्ठ्याची तलवार केलेली असते, कोणी आईच्या जुन्या साडीतून अंगरखा शिवून घेतलेला असतो. याला 'कॉस्प्ले' म्हणतात. अशा ठिकाणी सहसा कोणी एकटे जात नाही. शाळेत ज्याच्याशी याविषयी बोलता येते असा एकच मित्र असतो, आणि तेथे गेल्यावर असे हजारो भेटतात. सारे आकर्षण त्यातच आहे.

या मुलांकडे पाहण्याच्या दोन तऱ्हा सध्या प्रचलित आहेत. एक तऱ्हा घरातील वडीलधाऱ्यांची आणि, खेदाने म्हणावे लागते, राष्ट्रीय विचारांच्या अनेक कार्यकर्त्यांचीही आहे. 'हे काय सोंग आणले आहे?' असा प्रश्न विचारून, हे पाश्चात्त्य खूळ आहे असा निवाडा देऊन ते मोकळे होतात. जपान पूर्वेला आहे, हेही त्या घाईत ध्यानात राहत नाही. दुसरी तऱ्हा तथाकथित पुरोगामी मंडळींची. त्यांच्या मते ही मुले जागतिक नागरिक झाली आहेत, धर्म, परंपरा, ग्रामदैवते यांच्या 'जोखडा'तून सुटली आहेत, आणि हिंदुत्ववाद्यांना त्यांची भाषा कधीच कळणार नाही. या दोन्ही पक्षांनी ती चित्रे उघडून पाहिलेली नाहीत. पाहिली असती, तर पहिल्याला आपल्या रागाची लाज वाटली असती आणि दुसऱ्याला आपल्या आनंदाची.

प्रथम 'सोंगा'चाच विचार करू. अंतरवाली सराटीपासून गोदावरीच्या वरच्या अंगाला पैठण आहे. त्या पैठणच्या एकनाथ महाराजांनी सोळाव्या शतकात लोकशिक्षणाचे जे साधन निवडले ते भारुडाचे. जोशी, गारुडी, वासुदेव, जोगवा मागणारी, आंधळा, बहिरा अशी सोंगे घेऊन अध्यात्म थेट वेशीवर आणण्याचा तो प्रयोग होता. सोंगी भारूड हा शब्दच मराठीत रूढ आहे. कोकणात दशावतारी आहेत, नाशिक-जव्हारच्या पट्ट्यात देवदेवतांचे मुखवटे नाचविणारा बोहाडा आहे, घरोघर फिरणारा बहुरूपी तर कालपरवापर्यंत प्रत्येक गावाने पाहिलेला आहे. ज्या समाजाने सोंगाला भक्तीचे वाहन केले, त्या समाजाने मुलांच्या सोंगाला नावे ठेवावीत, हा विनोद म्हणावा की विस्मरण? मुलांनी सोंग घेतले याबद्दल त्यांना बोल लावता येत नाही. घेण्यासारखे आपले सोंग त्यांच्यासमोर कोणी ठेवलेच नाही, आणि तो दोष मुलांचा नाही.

आता त्या चित्रांत असते काय, ते पाहू. माकोतो शिंकाई यांचा 'युवर नेम' हा २०१६ चा चित्रपट जगभर गाजला. त्याची नायिका डोंगरातील एका लहानशा गावातील देवळात सेवा करणाऱ्या घराण्यातील मुलगी आहे. तिची आजी तिला दोरा वळायला शिकविते, देवासमोरचे नृत्य शिकविते, नैवेद्य घेऊन डोंगरावरील मूळस्थानी नेते. शेकडो वर्षांपूर्वी लागलेल्या आगीत जुने दप्तर जळाले, त्यामुळे या विधींचा अर्थ आता कोणालाच ठाऊक नाही; तरीही विधींचे रूप टाकायचे नाही, असे त्या आजीचे म्हणणे आहे. कथा पुढे सरकते आणि संकट कोसळते तेव्हा गावाला तारणारा धागा त्या न समजणाऱ्या विधीतच दडलेला निघतो. अंबडच्या मत्स्योदरीला दरवर्षी नवस फेडणाऱ्या कोणत्याही आजीला ही कथा समजावून सांगावी लागणार नाही. 'अर्थ कळत नसेल तर रूढी टाका' असा उपदेश करण्यात महाराष्ट्रातील सुधारकी लेखणीची शंभर वर्षे गेली. आणि त्याच वृत्तीत वाढलेल्यांची नातवंडे आज या जपानी आजीसाठी चित्रपटगृहात डोळे पुसतात.

'डेमन स्लेयर'च्या नायकाला दैत्यांशी लढण्याचे बळ मिळते ते वडिलांनी नववर्षाच्या रात्री अग्निदेवतेपुढे केलेल्या परंपरागत नृत्यातून. या नृत्याला तेथे कागुरा म्हणतात. आपल्याकडील जागरण-गोंधळाशी त्याचे नाते लावण्यास विद्वत्तेची गरज नाही. नारुतोच्या जगात शरीरातील शक्तीला नावच 'चक्र' आहे आणि ती जागविण्यासाठी हातांच्या मुद्रा कराव्या लागतात. 'ड्रॅगन बॉल'मधील गोकू हा चिनी कादंबरीतील वानरवीर सुन वुकोंग याच्यावरून घडविलेला आहे. त्या वानराचे मूळ हनुमंतात आहे, असे काही अभ्यासकांनी मांडले, काहींनी नाकारले. वादाचा तो मुद्दा बाजूला ठेवला तरी एक गोष्ट निर्विवाद आहे. ज्या यात्रिकाच्या रक्षणासाठी तो वानर निघतो तो यात्रिक म्हणजे ह्युएनत्संग. हा ह्युएनत्संग सातव्या शतकात दुसऱ्या पुलकेशीच्या महाराष्ट्रात येऊन गेला आणि येथील माणसे स्वाभिमानी, उपकार स्मरणारी व अपमान न विसरणारी आहेत असे लिहून गेला. गोकूचे चित्र असलेला सदरा घालून फिरणाऱ्या जालन्याच्या मुलाला हे कोणत्या शाळेत सांगितले गेले?

जपानचे हिंदू देवतांशी असलेले नाते हा तर स्वतंत्र ग्रंथाचा विषय आहे. सरस्वती तेथे बेन्झाइतेन झाली, लक्ष्मी किचिजोतेन, गणेश कांगितेन, इंद्र ताइशाकुतेन. शिंगोन पंथाच्या मंदिरांत सिद्धम् लिपीतील बीजाक्षरे आजही लिहिली जातात. टोकियोच्या पश्चिमेस इनोकाशिरा नावाचे उद्यान आहे. त्याच्या तळ्यात बेन्झाइतेनचे, म्हणजे सरस्वतीचे, देऊळ आहे आणि त्याच उद्यानाच्या एका भागात, २००१ पासून, हायाओ मियाझाकी यांच्या गिब्ली चित्रसंस्थेचे संग्रहालय उभे आहे. जगभरातून अ‍ॅनिमेचे चाहते तेथे येतात. सरस्वतीच्या सावलीत ते उभे आहेत हे त्यांतील भारतीय मुलांनाही बहुधा ठाऊक नसते.

याचा अर्थ तिकडून येणारे सर्व काही शिरोधार्य आहे असा नाही. अ‍ॅनिमेत बीभत्स हिंसा आहे, मुलींचे ओंगळ चित्रण आहे, पालकांनी डोळ्यांत तेल घालून पाहावे असे पुष्कळ आहे. मेळाव्यांतील बाहुल्या, तलवारी आणि सदऱ्यांचे भाव ऐकले तर शेतकरी बाप हबकून जाईल. हे सारे मान्य. परंतु घाण आहे म्हणून नदी सोडून द्यायची नसते, हे गोदाकाठच्या लोकांना कोणी शिकवावे?

खरा प्रश्न वेगळाच आहे, आणि तो भाषेचा आहे.

'डेमन स्लेयर'चा 'इन्फिनिटी कॅसल' हा चित्रपट १२ सप्टेंबर २०२५ रोजी भारतात प्रदर्शित झाला. जपानी आणि इंग्रजीखेरीज तो हिंदी, तमिळ व तेलुगू भाषांत आला. मराठीत आला नाही. जालावर अ‍ॅनिमे दाखविणाऱ्या मोठ्या कंपन्यांचा शिरस्ताही हाच आहे: हिंदी, तमिळ, तेलुगू. बारा कोटींच्या महाराष्ट्राची भाषा त्यांच्या यादीत नाही. मराठी माणसाला हिंदी कळते, मग वेगळा खर्च कशाला, हे व्यापाऱ्याचे गणित आहे आणि व्यापाऱ्याच्या बाजूने ते बरोबरही आहे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला तेव्हा फटाके वाजले, पेढे वाटले गेले. ते योग्यच झाले. पण अंतरवालीच्या दहा वर्षांच्या मुलाच्या स्वप्नात जो वीर येतो तो कोणत्या भाषेत बोलतो, या प्रश्नाचे उत्तर त्या दर्ज्याने बदललेले नाही. तो हिंदीत बोलतो. हिंदी ही परकी भाषा नव्हे, तिच्याशी वैर असण्याचे कारण नाही. पण पराक्रम, भय, मैत्री आणि मरण यांचे शब्द ज्या वयात मनात रुजतात, त्या वयात मातृभाषा केवळ जेवायला हाक मारण्यापुरती उरावी, ही साधी हानी नाही.

ही हानी सर्वाधिक झोंबते ती एका विशिष्ट चित्रपटाच्या बाबतीत. त्याची कहाणी विस्ताराने सांगणे आवश्यक आहे, कारण राष्ट्रीय विचारांच्या घरातच ती पुरती ठाऊक नाही.

युगो साको हे जपानी चित्रपटनिर्माते १९८३ मध्ये भारतात आले ते पुरातत्त्वज्ञ डॉ. बी. बी. लाल यांच्या रामायणस्थळांवरील उत्खननाचा माहितीपट करण्यासाठी. एका इंग्रजी वृत्तपत्रातील बातमीमुळे असा समज पसरला की हे परदेशी गृहस्थ रामायणावर मनमानी चित्रपट काढीत आहेत. विश्व हिंदू परिषदेने जपानच्या राजदूतावासाकडे निषेध नोंदविला. रामायण हा राष्ट्राचा ठेवा आहे, तो कोणी हवा तसा वापरू नये, ही भूमिका चुकीची नव्हती. पुढे साको यांनी वस्तुस्थिती स्पष्ट केली, गैरसमज मिटला. आणि त्या निषेधानेच म्हणा, साको यांचे लक्ष रामकथेकडे अधिक ओढले गेले. त्यांनी जपानीतील रामायणाच्या दहा आवृत्त्या वाचल्या असे सांगितले जाते. राम हा देव आहे, म्हणून एखाद्या नटाने त्याचे काम करण्यापेक्षा तो रेखाटणे अधिक उचित, असा त्यांचा विचार होता. हा विचार एका जपानी माणसाने केला, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे. त्यांनी चलच्चित्राचा प्रस्ताव मांडला आणि परिषदेने त्यास अनुकूलता दर्शविली.

नाही म्हटले ते तत्कालीन भारत सरकारने. रामायण हा संवेदनशील विषय आहे, तो 'कार्टून'च्या रूपात दाखविता येणार नाही, असे कारण देऊन संयुक्त निर्मिती नाकारण्यात आली. अयोध्येच्या प्रश्नाला त्या काळी धार येत होती आणि रामाचे नाव घेण्याचीच दिल्लीला भीती वाटत होती. ज्या देशात राम जन्मला त्या देशाच्या शासनाने पाठ फिरविली. जपानने मात्र काम हाती घेतले. टोकियोत सुमारे साडेचारशे कलावंत बसले. भारतीय अ‍ॅनिमेशनचे अध्वर्यू राम मोहन हे साको आणि कोइची सासाकी यांच्यासह दिग्दर्शक झाले. धोतराचा काचा कसा असतो, नमस्कार कसा करतात, आसनावर कसे बसतात, हे जपानी चित्रकारांना शिकवावे लागले. संगीत वनराज भाटिया यांचे. गीते संस्कृतात, आणि ती लिहिली वसंत देव यांनी. विजय तेंडुलकरांची नाटके हिंदीत नेणारे, मुंबईत अध्यापन केलेले हे तेच वसंत देव. १९९३ च्या जानेवारीत दिल्लीच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात 'रामायण : द लिजंड ऑफ प्रिन्स राम' दाखविला गेला. अयोध्येतील ढाचा कोसळून तेव्हा दोन महिनेही झाले नव्हते. चित्रपटगृहांनी त्याला जवळ केले नाही. पुढे हिंदीत आल्यावर अरुण गोविल यांनी रामाला आणि अमरीश पुरी यांनी रावणाला आवाज दिला; दूरचित्रवाणीवर तो वारंवार लागला आणि एका पिढीच्या मनात घर करून राहिला. साको २०१२ मध्ये वारले. मे २०२२ मध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी 'मन की बात'मध्ये या चित्रपटाचा आणि त्याचे नूतनीकरण करू पाहणाऱ्या जपानी मंडळींचा गौरवाने उल्लेख केला. अयोध्येत २२ जानेवारी २०२४ रोजी प्राणप्रतिष्ठा झाली, आणि त्यानंतर एक वर्ष व दोन दिवसांनी, २४ जानेवारी २०२५ रोजी, हा चित्रपट नव्या, लखलखीत रूपात भारतीय चित्रपटगृहांत आला.

हिंदी, तमिळ, तेलुगू, इंग्रजी. येथेही मराठी नाही!

अंतरवाली सराटीच्या शेजारच्या घनसावंगी तालुक्यात जांब हे गाव आहे. १६०८ च्या रामनवमीला तेथे नारायण सूर्याजीपंत ठोसर जन्मला आणि पुढे समर्थ रामदास झाला. मुलखभर मारुती स्थापून, रामकथेच्या आधारे एका खचलेल्या समाजाला ताठ उभे करणारा तो पुरुष जालन्याच्या मातीतील. २०२२ च्या ऑगस्टमध्ये जांबच्या देवघरातील पुरातन मूर्ती चोरीला गेल्या तेव्हा सारा जिल्हा हळहळला. पुढे त्या सापडल्या तेव्हा लोकांनी आनंद केला. मूर्तीवर एवढे प्रेम करणाऱ्या त्या जिल्ह्यातील मुलाला टोकियोत रेखाटलेला राम पाहायचा असेल तर तो हिंदीत किंवा इंग्रजीत पाहावा लागतो. १९५५-५६ मध्ये गदिमा आणि सुधीर फडके यांनी आकाशवाणीवरून छप्पन्न गीतांत रामकथा घरोघर पोहोचविली, तिला आज सत्तर वर्षे झाली. रेडिओ हे त्या काळचे नवे साधन होते आणि ते परदेशात जन्मले होते. बाबूजी तर संघाचे स्वयंसेवक. हे परके यंत्र आहे म्हणून ते त्यापासून दूर राहिले नाहीत. त्यांच्या वारसदारांना सव्वादोन तासांच्या एका तयार चित्रपटाचे मराठी संवाद लिहून ते म्हणवून घेता आले नाहीत. मराठीत आवाजाचे कलावंत नाहीत काय? १९९३ साली दूरदर्शनवर जपानीच बनावटीचे 'जंगल बुक' हिंदीत आले तेव्हा शेरखानाची डरकाळी नाना पाटेकरांची होती. आवाज महाराष्ट्राचा आणि भाषा दुसरी, हे तेव्हापासूनचे आहे.

येथे काही जण म्हणतील की चित्रे हलविणे हे जपान्यांचे अंगभूत कौशल्य, आपली ती परंपराच नव्हे. या समजाला इतिहासाचा आधार नाही. दादासाहेब फाळके यांनी १९१५ मध्ये आगकाड्या हलवून 'आगकाड्यांची मौज' केली. प्रभात कंपनीने १९३४ मध्ये 'जंबूकाका' हे चलच्चित्र काढले. त्याच्याही मागे जायचे तर सिंधुदुर्गातील पिंगुळीचे चित्रकथी आहेत. रामायण-महाभारतातील प्रसंगांची सुटी पाने असलेली पोथी पुढ्यात घ्यायची, एकेक पान उभे धरायचे आणि वीणा, टाळ, हुडूक यांच्या साथीवर कथा सांगायची, ही त्या ठाकर समाजाची पिढीजात कला. या शैलीच्या चित्रांना 'पैठण चित्रे' असे नाव पडले ते पुण्याच्या दिनकर केळकरांनी आपल्या संग्रहासाठी ती पैठणच्या बाजूस मिळविली म्हणून. म्हणजे चित्रांतून रामकथा सांगणारी परंपरा अंतरवालीच्या अगदी उंबरठ्यावर होती.

जपानमध्ये याचेच भावंड आहे. त्याला कामिशिबाई म्हणतात, म्हणजे कागदी नाटक. १९३० नंतरच्या मंदीत बेकार झालेले लोक सायकलच्या मागे लाकडी चौकट बांधून गल्लोगल्ली फिरत, गोळ्या विकत आणि चौकटीत एकामागून एक चित्रे सरकवीत गोष्ट सांगत. दूरचित्रवाणी आली तेव्हा तिला आरंभी लोक 'विजेची कामिशिबाई' म्हणत. ती आली आणि सायकलवाले संपले, पण त्यांची चित्रकला संपली नाही. शिगेरू मिझुकी यांचे उदाहरण पाहावे. युद्धात त्यांनी डावा हात गमावला. परतल्यावर पोटासाठी ते कामिशिबाईची चित्रे काढू लागले, मग भाड्याने वाचायला मिळणाऱ्या स्वस्त चित्रपुस्तकांकडे वळले आणि लहानपणी एका म्हाताऱ्या बाईकडून ऐकलेल्या गावच्या भुताखेतांना त्यांनी कागदावर आणले. त्यांतून 'किटारो' निर्माण झाला, तो दूरचित्रवाणीवर गेला आणि पिढ्यान्‌पिढ्या चालू राहिला. साकाइमिनातो या त्यांच्या लहानशा बंदरगावाने १९९३ मध्ये रस्त्याच्या कडेला त्या भुतांच्या ब्राँझच्या मूर्ती बसविण्यास प्रारंभ केला. आज त्या १७७ आहेत आणि त्यांना पाहायला देशभरातून लोक येतात. मुंजा, हडळ, वेताळ, आसरा यांच्या गोष्टी मराठवाड्यातील म्हाताऱ्याही सांगतच होत्या. एका हाताने त्या रेखाटणारा कोणी निघाला नाही. दोन हातांचे पुष्कळ होते.

पिंगुळीचे परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली, ही समाधानाची गोष्ट आहे. त्यांनी आपल्या गोठ्यात संग्रहालय उभारून ती कला जपली. पण जपणे आणि वाढविणे यांत अंतर आहे. जपानने आपल्या चित्रकथीला कारखाना दिला, बाजार दिला आणि जगभर पाठविले. आपण आपल्या चित्रकथीला काच, कुलूप आणि वर्षातून एक शासकीय महोत्सव दिला.

मध्यंतरी प्रयत्न झालेच नाहीत असे नव्हे. दिल्लीच्या दूरदर्शनवरील प्रश्नमंजूषेत मुलांना ग्रीक देवांची माहिती सांगता आली, परंतु रामाची आई कोण हे सांगता आले नाही, हे पाहून अनंत पै अस्वस्थ झाले आणि १९६७ मध्ये 'अमर चित्र कथा' सुरू झाली. तिची उत्तमोत्तम पाने रेखाटली प्रताप मुळीक आणि राम वाईरकर या मराठी हातांनी. 'चांदोबा' घरोघर येत असे. तो बंद पडला तेव्हा दोन दिवस हळहळ व्यक्त झाली. शिवचरित्रावर २०१८ मध्ये 'प्रभो शिवाजी राजा' हा मराठी चलच्चित्रपट आला. त्यानंतर रांग लागायला हवी होती, ती लागली नाही. २०२५ च्या जुलैमध्ये 'महावतार नरसिंह' आला आणि भारतीय बनावटीचे चलच्चित्र तीनशे कोटींचा पल्ला ओलांडू शकते हे त्याने दाखवून दिले. प्रल्हादासाठी चित्रपटगृहात मुलांनी टाळ्या वाजविल्या. ज्यांच्या पडद्यावर नारुतो होता तीच ही मुले. त्यांना आपले दैवत नको होते असे नाही. त्यांना ते चांगले काढलेले हवे होते. हा चित्रपटही हिंदी, कन्नड, तेलुगू, तमिळ, मल्याळममध्ये आला. परभणीजवळच्या पोखर्णीच्या नृसिंहाला पिढ्यान्‌पिढ्या कुलदैवत मानणाऱ्या मराठवाड्यासाठी मराठीत नाही.

अशा वेळी कार्यकर्त्याने काय करावे? कॉमिक कॉनच्या दारात निषेधाचा फलक घेऊन उभे राहणे सोपे आहे, वृत्तपत्रांत छायाचित्रही येईल. पण १९८३ च्या प्रसंगातून काही शिकायचे असेल तर ते असे, की आधी आक्षेप घेतला तरी समोरच्याचे ऐकून घ्यावे आणि त्याचा हेतू शुद्ध असेल तर पाठ थोपटावी. परिषदेने तसे केले. कमी पडले ते त्यापुढचे. अनुकूलता दर्शविल्यावर पैसा कोणी उभा केला? चित्रपट आल्यावर गावोगाव कोणी दाखविला? दशकानुदशके हिंदू समाज म्हणत राहिला की शासन आपल्या श्रद्धांना संवेदनशील म्हणून अडगळीत टाकते. शासन बदलले, मंदिर उभे राहिले. आता मराठी संवादांसाठी कोणत्या मेकॉलेने अडविले आहे?

मुलांनी मात्र आपल्या परीने मार्ग काढून दाखविला आहे. २०१९ मध्ये शिंकाई यांचा 'वेदरिंग विथ यू' भारतात प्रदर्शित व्हावा म्हणून चाहत्यांनी जालावर पन्नास हजारांच्या आसपास सह्या गोळा केल्या आणि त्या ऑक्टोबरात तो चित्रपट येथील पडद्यावर आला. आपल्या आवडीसाठी सह्या गोळा करणारी ही पिढी निष्क्रिय नाही. टोकियोचा 'कोमिकेत' हा स्वतः चित्रकथा काढणाऱ्यांचा मेळावा १९७५ च्या डिसेंबरात सुरू झाला तेव्हा तेथे बत्तीस गट आणि सुमारे सातशे माणसे होती. आज तेथे लाखोंची गर्दी होते. सातशे माणसे तर अंबडच्या एका सप्ताहाच्या काल्याला असतात.

अंतरवालीहून मुंबईला निघणाऱ्या त्या दोन मित्रांपैकी एकाला चित्र काढता येत असेल आणि दुसऱ्याला गोष्ट सांगता येत असेल, हे अगदी शक्य आहे. तांजिरोची तलवार पुठ्ठ्यातून कापणाऱ्या हाताला मारुतीची गदा कापता येणार नाही असे नाही. त्यांना पैठणची चित्रे कोणी दाखविली पाहिजेत, ह्युएनत्संग कोणी सांगितला पाहिजे, इनोकाशिराच्या तळ्यातील सरस्वती कोणी ओळखून दिली पाहिजे. शाखेवर, संस्कारवर्गात, वनवासी वसतिगृहात, ग्रामविकासाच्या प्रकल्पात रोज मुलांमध्ये वावरणारे शेकडो कार्यकर्ते मराठवाड्यात आहेत. त्यांतील कितींना लुफी कोण हे ठाऊक आहे? नसेल तर मुलाशी बोलणे कोठून सुरू होणार?

आणि एक काम तर लगेच होण्यासारखे आहे. वसंत देवांची गीते संस्कृतातच आहेत, त्यांना हात लावावा लागणार नाही. हवेत ते केवळ संवाद, चित्रपटाच्या हक्कदारांशी पत्रव्यवहार आणि मुंबई-पुण्यातील चार-सहा चांगले आवाज. महाराष्ट्रातील एखादी सहकारी बँक, एखादा साखर कारखाना वा देवस्थानाचा विश्वस्त निधी यांच्या आवाक्याबाहेरचा हा खर्च नाही. रामनवमीला जांब समर्थला उत्सव भरतो, पंचक्रोशीतून माणसे येतात, रात्री कीर्तन असते. त्या कीर्तनानंतर मंदिरासमोरच्या पटांगणात एक पांढरा पडदा लागावा, आणि टोकियोत काढलेल्या रामाने समर्थांच्या गावातील मुलांशी मराठीत बोलावे.